निरोगी नमुना

“नाचता येईना, अंगण वाकडं!” सरांनी अहवाल टेबलावर आपटला. “म्हणे निरोगी रक्त चमकतं! उद्यापासून येऊ नकोस.”

तंत्रज्ञ बाई जागच्या हलल्या नाहीत. अकरा वर्षं त्या या प्रयोगशाळेत रक्त तपासत होत्या. आपल्याच पेशींवर उठणारी प्रतिपिंडं रक्तात असली, की काचपट्टी हिरवी चमकते. निरोगी रक्ताने चमकत नाही. तुलनेला असं निरोगी रक्त लागतंच, आणि हल्ली ते सरांचंच असे. दुसऱ्या कुणाच्या रक्तावर त्यांचा विश्वास नव्हता.

विद्यार्थी जमलेच होते, तेव्हा सरांनी व्याख्यानही उरकून घेतलं. “प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी हाडांच्या मगजात जन्मतात. तिथंच त्यांची परीक्षा. जी आपल्याच शरीराला चिकटते, तिला सुधारायची एक संधी. नाही सुधारली, तर तिथंच खलास. त्यातूनही एखादी निसटली, तर बाहेर तिची बोलती बंद. शरीराला शिस्त असते. ह्या बाईला नाही.”

विद्यार्थी हसले. गुण सरांच्या हातात असले की विनोद आपोआप चांगले होतात.

“तीनदा केली चाचणी, सर. नवं किट फोडून केली. आता तुम्हीच करा. नाही चमकलं, तर मी आपणहून जाते.”

सरांना तमाशा आवडायचा. बाह्या सरसावून त्यांनी स्वतःचं ताजं रक्त काढून घेतलं. काचपट्टी स्वतः केली, बाईंना बोटही लावू दिलं नाही. चांगले तीन तास सगळ्यांना ताटकळत ठेवून मग ऐटीत सूक्ष्मदर्शकापाशी बसले.

त्याला जोडलेल्या पडद्यावर एकेका पेशीचं केंद्रक हिरवंगार चमकत होतं.

कुणी हसलं नाही. नोकरी वाचल्याचा आनंद बाईंना व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना बाहेर घालवलं, पडदा बंद केला आणि खुर्ची ओढून सरांसमोर बसल्या.

“सर, सकाळी बोटं आखडतात का?”

“दोन वर्षं झाली,” सर म्हणाले. “म्हणून तर दर वेळी माझंच रक्त देत होतो. चमकलं नाही, की पुढच्या वेळेपर्यंत निर्धास्त.”