खिडकीतला कापूस

"न्यूयॉर्कात कापसाचा वायदा पडला," भगवानरावांनी पेपर गुडघ्यावर झटकला. "पडू द्या! हे मोठ्या व्यापाऱ्यायचं नाटक हाये. आपला माल सस्त्यात उपटाची चाल."

वडनेरच्या स्टँडवरच्या हॉटेलात सकाळचा चहा असल्या वाक्याशिवाय कोणाच्या घशाखाली उतरत नसे. भगवानराव पेपर उलटा वाचत, म्हणजे व्यापाराच्या पानापासून. डॉलर असो, चीनच्या गिरण्या असोत नाहीतर विचार करणारं नवं यंत्र असो, कशाचंही बोट धरून ते शेवटी कापसावर येत.

"बीटीचं बियानं आलं तवा अळी मेली. मंग अळी शिकली. आपून कई शिकाचं? मांगच्या साली जे थांबले, ते तरले. घाई करू नोका."

मागच्या साली खरंच भाव आभाळाला टेकला होता. म्हणून यंदा गावानं कापूस विकला नाही, घरातच भरला. माणसं ओसरीत आली आणि कापूस माजघरात गेला. घरात साठवलेल्या कापसाची खाज सुटते. लेकरं रात्रभर अंग ओरबाडायची, बायका बोटं मोडायच्या. पण भगवानरावांच्या रस्त्याकडच्या खिडकीत जोवर पांढराशुभ्र कापूस दिसत होता, तोवर कोणी हलायला तयार नव्हतं.

खिडकीत कापूस होता, हे खरं. फक्त खिडकीतच होता, हेही खरं.

गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला अर्धं गाव शेगावला लोटलं, तेव्हा भगवानरावांनी गुलजारभाईची गाडी मागच्या दाराला लावून खोली रिकामी करून टाकली होती. गुलजारभाई नांदुऱ्याचा कापसाचा व्यापारी, बोलायला गोड आणि पोटाचा खोल. बायकोच्या, तानुबाईच्या, अंगावर खाजेनं फोड उठले, म्हणून विकलं, असं भगवानराव स्वतःला सांगत. खरं तर भाव घसरताना पाहून त्यांचाच धीर सुटला होता. खिडकीच्या जाळीमागे तेवढा हातभर थर राहू दिला, लोकांना दिसायला.

तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. विका म्हणावं, तर पहिली गाडी त्यांचीच भरायची. ज्याच्या शब्दावर गाव थांबलं त्याचा मान पहिला, ही गावाची जुनी रीत. थांबा म्हणावं, तर भाव रोज एकेक पायरी उतरत होता. आणि खरं सांगावं, तर या बाकड्यावर पुन्हा बसायला तोंड उरणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग ते आणखी मोठ्यानं पेपर वाचत.

बरं, गावही मोठं सोशीक. हल्ली कोणी कुरकुरत नव्हतं. शेजारच्या कडूबाची बायको आशाबाई हिवाळ्यात शिव्या देत खाजवायची, ती आता अंगणात बसून मजेत पापड लाटायची.

"लिंबाच्या पाल्यानं आंघोळ करतो आमी," कडूबा सांगायचा. "तुमच्या शब्दापायी काढू दोन मयने."

असा विश्वास पाहिला, की भगवानरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

विचारायची ती एकटी कोकिळा. त्यांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. नवरा गेल्यापासून शेत तीच पाहायची. वैशाखाच्या उन्हातही मनगटापर्यंत बाह्या ओढून ती हॉटेलाच्या पायरीशी यायची.

"दादा, आज काय म्हणते पेपर?"

"थांब म्हणते."

"बरं." एवढं बोलून ती निघून जायची.

तिला तरी सांगावं, असं त्यांच्या कितीदा ओठांवर आलं. पण कोकिळाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

एका सकाळी गुलजारभाईची गाडी थेट हॉटेलासमोर येऊन थांबली.

"राम राम, भगवानराव. जिनिंगचा कारखाना बंद होऊन राह्यला. आजची खरेदी आखरी. उद्यापासून कापूस तुमचा अन् पावसाळाबी तुमचा."

बाकड्यावर जो तो आपल्या बशीतला चहा फुंकू लागला. शेवटी कडूबानं घसा खाकरला.

"आता तं इकाच लागते. पहिली गाडी भगवानरावची."

"हाव, मान त्यायचाच," बाकीचे म्हणाले. उठलं मात्र कोणी नाही.

भगवानरावांनी पेपर तोंडापुढे धरला. "माही काय घाई हाये? तुही भर ना पयले, कडूबा."

"तुमच्या आंधी? पाप लागन मले!" कडूबाला घाम फुटला होता.

गुलजारभाईनं बशीतला चहा सावकाश संपवला आणि तो हसला. "काऊन भांडता? कापूस कोनाच्या घरी हाये, ते मले माहीत हाये. गावात एकच घर राह्यलं."

भगवानरावांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबानं भगवानरावांकडे पाहिलं.

"मांगच्या दारानं?" कडूबानं हळूच विचारलं.

"मांगच्याच दारानं."

मग जो हशा पिकला, त्यानं चहावाल्याचं दूध उतू गेलं. भगवानरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. कोणी फसलं नव्हतं! सगळे एका माळेचे मणी. त्यांना कडूबाला मिठी मारावीशी वाटली.

"पन तो एक येडा कोन हाये बे?" कडूबा डोळे पुसत म्हणाला.

ते पाहायला सगळे गाडीमागे निघाले. भगवानराव सर्वांच्या पुढे होते.

गाडी मारुतीच्या पाराला वळसा घालून खालच्या बोळात शिरली. तिथं भगवानराव सगळ्यांच्या मागे पडले. त्या बोळात त्यांच्या नात्याचं एकच दार होतं.

दार उघडंच होतं. कापूस आढ्याला भिडला होता आणि उंबऱ्यापर्यंत आला होता. कोकिळा बाह्या वर सारून उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून लाल झालेले. गुलजारभाईनं वजनकाटा खाली उतरवला, तशी ती दारात आडवी आली.

"थांबा, भाऊ. पयले दादाची खोली खाली करा. त्याच्या आंधी मी नाई इकत."