पाण्याचा नाच

ढोलावर पहिली थाप पडली आणि विमलबाईंचा घास हातातच राहिला.

वडखळच्या पुढे एका रिसॉर्टवर भाच्याचा साखरपुडा होता. जेवणं चालू असतानाच मांडवात पाच मुली नाचत आल्या. डोक्याला रंगवलेली पिसं, कमरेला प्लॅस्टिकची पानं. माइकवरचा माणूस ओरडून सांगत होता, "आदिवासी बांधवांचं पाऊस मागण्याचं पारंपरिक नृत्य!"

पारंपरिक कसलं? हा नाच बाईंनी स्वतः बसवला होता, रोह्याकडच्या आदिवासी वाडीवरच्या शाळेत. फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहिलं की पोरं खिडकीबाहेर बघायची. मग एके दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि वाडीवर लग्नात नाचतात त्याच चालीवर पाण्याचा प्रवास बसवला. आधी जमिनीलगत सरपटायचं. ऊन लागलं की सुटं होऊन वर उठायचं. वर गार वाटलं की एकमेकांना बिलगायचं, आणि भार झाला की कोसळायचं. त्या परीक्षेत अख्ख्या वर्गानं जलचक्र बिनचूक लिहिलं. पेणच्या विज्ञान प्रदर्शनात नाचाला पहिला नंबर मिळाला. कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, तो गावोगाव फिरला.

दिवाळीनंतर त्यातल्या पाच मुली शाळेत आल्याच नाहीत. बाई वाडीवर गेल्या, तर घरांना कड्या. वीटभट्टीवर गेल्या असतील, दरवर्षी जातातच, असं म्हणून त्यांनी मन आवरलं होतं.

हात धुऊन बाई मांडवामागे गेल्या. त्या पाचांतली पुतळी मनगटानं घाम पुसत होती. वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला.

"बाई, कुठं चुकलं नाय ना?"

"नाही गो. एक पाऊलसुद्धा नाही." बाई म्हणाल्या. "पण हे पाऊस मागणं कुठून आणलंत? काय नाचता ते खरं सांगत का नाही लोकांना?"

"रिसॉर्टचे सायेब नको बोलतात. लोकांना देवाचं आवडतं."

"आणि शाळा?"

पुतळी डोक्यावरची पिसं सोडू लागली. तेवढ्यात तिचा बाप चंदर गळ्यातला ढोल उतरवून पुढे आला आणि थेट बाईंच्या पायांशी वाकला.

"बाई, लय उपकार झाले. यंदा भट्टी बघितली नाय. सायबानं त्यो व्हिडिओ बघून बोलावलं, हितंच खोली दिलीया, सावलीतलं काम हाय, पोटाला हाय. सगळं तुमच्या शिकवण्यानं." मग तो जरा घुटमळला. "धाकटी जानी आजीकडं ठेवलीया. जूनला तुमच्या वर्गात येल. तिलापन ह्यो नाच शिकवा. लवकर शिकवा."

बाईंनी मान हलवली. होकार की नकार, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये जानी आली आणि पहिल्या बाकावर बसली. पाण्याचा धडा निघाला, तशी पोरं नाचासाठी बाकं भिंतीकडे सरकवू लागली.

"बसा खाली," बाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्चीत बसून धडा वाचून दाखवला. जानीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बाईंना ते दिसलं. त्यांनी पान उलटलं.