बारीक मणी

मी लावलेल्या सांजोवेझेच्या घडांना आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, कागद गुंडाळून ठेवले होते. इटलीत या द्राक्षांची लाल वाईन करतात, पण मणी वाटाण्याएवढे. जन्मभर टपोरी द्राक्षं पिकवलेल्या आबांना बांधापलीकडच्या गोटीरामपुढे लाज वाटायची.

आज वाईनरीची इटालियन बाई आली. तिला द्राक्षं पसंत पडली तरच माल जाणार होता. तिनं कागद फाडला, दोन मणी चावले, डोळे मिटले आणि थेट आबांना मिठीच मारली.

“काय म्हणते गं ही?” आबा लाजून लालेलाल.

“म्हणते, जितके मणी बारीक तितकी वाईन गडद. इतके बारीक तिच्या बापालाही जमले नाहीत!”

आबा ओळीतून पळतच सुटले. टराटरा कागद फाडत ओरडले, “गोटीराम, लवकर ये! बघ माझे मणी किती बारीक!”