एका माणसापुरता भात

"मीठ घालताय की अंगणात वाळू पसरताय?"

मामांची मूठ पातेल्यावरच थांबली. अर्धं मीठ आत गेलं होतं.

"चमचा सांगितला होता मी," समोरच्या बाई म्हणाल्या. "चमचा."

"चमच्याने हाताला कळत नाही."

"आणि मुठीने जिभेला नको तेवढं कळतं. ओता ते. पुन्हा करा."

मामांनी बटाटे ओतून दिले आणि पातेलं असं आपटलं की खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं दार मामांच्या दारासमोर. तीन आठवडे रोज सकाळी वही घेऊन त्या मामांना स्वयंपाक शिकवायला येत होत्या. छंद म्हणून शिकतोय, असं मामा अख्ख्या जिन्याला सांगत सुटले होते. कसला छंद. मामी जाऊन आठ महिने झाले होते आणि मामा चहा-पावावर दिवस काढत होते. विजारीला दोरी बांधायची पाळी आली तेव्हा लेकीने फर्मान काढलं.

"गुरुवारी येते जेवायला. या घरात, तुमच्या हातचं, नीट शिजलेलं. जमलं तर राहा इथे एकटे. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. आणि बाहेर लोक काय म्हणतात ते मला ऐकवू नका, बाबा. घरात जन्मात कधी साधा चहा तरी केलात?"

नव्हता केला.

लेक वाईट नव्हती. पण तिच्याकडे त्यांची खाट नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाला चिकटून. जावई सकाळी सहाला मोठ्याने बातम्या लावणार. आंघोळीला जायचं तरी आधी विचारायचं. इथे बनियनवर खिडकीत बसलं तरी कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं. तेवढ्यासाठी ते बाईंची बोलणी खात होते.

"आधी काय करायचात तुम्ही?" बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कारखान्यात होतो."

"तरीच. यंत्रं फिरवणाऱ्या हाताला काय कळणार यातलं. बायकोने सगळं आयतं दिलं असणार."

मामांनी ते दुरुस्त केलं नाही. लाज वाटली.

बाई वाटीने तांदूळ मोजून द्यायच्या. एवढेसे. ते बघूनच मामांचं डोकं फिरायचं. यात चूक झाली तर सुधारायची कुठे? पाणी घोटभर इकडेतिकडे झालं की खळ, नाहीतर कच्चं. पातेलं तर भातुकलीतलं. ढवळायला गेलं की शेगडीवरून तेच फिरायचं आणि बटाटे भिंतीवर.

"खांद्याने का ढवळताय? होडी वल्हवताय का?"

"मग कशाने ढवळू?"

"मनगटाने. आणि गॅस बारीक करा, मामा. घर पेटवायचंय का?"

मामांनी गॅस बारीक केला. ज्योत बघून त्यांना वाटलं, यावर विडीसुद्धा पेटणार नाही.

बुधवारी भात करपला. दोनदा. मामांनी चमचा मोरीत फेकला. बाईंनी तो उचलून, धुऊन पुन्हा त्यांच्या हातात दिला. वर्गात पोरांना खडू द्यावा तसा.

गुरुवारी मामा साडेचारला उठले. सहाला बटाटे शेगडीवर चढलेसुद्धा. दहाला बाई आल्या आणि झाकण काढून बघतच राहिल्या.

"एका लेकीसाठी सहापासून शिजवताय? याचा लगदा झालाय."

"लवकर चढवायची सवय आहे."

"कसली सवय? तीन आठवडे तर झालेत." बाईंनी मान हलवली. "कांदा तेवढा बरा चिरता. बाकी देवाचं नाव."

फोन दोनदा वाजला. मामांनी दोन्ही वेळा बंद केला. त्यांचं लक्ष भातावर होतं. भात वर कच्चा आणि खाली काळा झाला, त्यांच्या डोळ्यांदेखत.

लेक अकराला आली. हात धुऊन बसली. एक घास घेतला, बराच वेळ चावला. दुसरा घेतलाच नाही.

"बाबा," ती म्हणाली. बस, एवढंच. मग उठून तिने कपाटावरची बॅग काढली.

"मी जीव तोडून शिकवलं गं," बाई म्हणाल्या. "पण काही हातांना स्वयंपाक नसतोच. यात त्यांचा काही दोष नाही."

लेक बाईंकडे बघत राहिली. हसावं की रडावं, तिला कळेना. मग तिने मान खाली घालून शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या. मामा ताटासमोर तसेच बसून होते. दोन शर्ट झाले. तिसरा झाला.

फोन पुन्हा वाजला. बोटं कुठेतरी गुंतवायची म्हणून मामांनी तो उचलला.

"बोला साहेब. कोण पळाला? नवा? कधी? बरं, आधी ओरडायचं थांबा. झाकण काढा आणि फोन पातेल्याजवळ धरा."

मामांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. लेकीच्या हातातली घडी अर्धीच राहिली. बाईंनी वही मिटली.

"खाली लागलंय," मामा म्हणाले. "ढवळू नका. चार माणसं घ्या आणि वरच्या वर दुसऱ्या पातेल्यांत काढा. तळाला कोणी हात लावायचा नाही. भाताला मी येईपर्यंत शिवू नका. हो, उद्यापासूनही येतो. एक अट आहे. दोन्ही वेळा मी तिथेच जेवणार."

त्यांनी फोन खिशात टाकला, लेकीच्या हातून शर्ट घेतला आणि अंगात चढवला.

"बॅग वर ठेव," ते म्हणाले. "मला आता निघायला हवं. कारखान्यात साडेबाराला अकराशे माणसं जेवायला बसतात."