मापांची वही

"परवा फाशीविरुद्धच्या अपिलाची सुनावणी आहे, विहीणबाई. मापांची वही तेवढी द्या," सुनेची आई दुकानाच्या दारातूनच म्हणाली. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं नाही. "माझा एकुलता एक पोरगा झोपेत मारला तुमच्या लेकीनं. आणि तिला मी वाचवू? लाज गहाण टाकून आलात का?" "तो तिला मारायचा, हे कोर्टानं मानलं नाही. पण तिचे कपडे तुम्हीच शिवत होतात. बाही दरवर्षी लांब का होत गेली, ते तुमच्याच वहीत आहे." "फॅशन होती ती! थांबा, तुमच्यासमोरच फाडते ते पान." शिंपीणबाईंनी वही ओढून उघडली. सुनेचं पान लगेच सापडलं. पहिल्या वर्षी बाही कोपरापर्यंत, पुढं मनगटापर्यंत, मग गळाही बंद. त्याखाली त्यांच्याच अक्षरात नातीचं माप होतं: वय सहा, उन्हाळी फ्रॉक, बाही मनगटापर्यंत. माप घेताना पोर बाही वर सारू देत नव्हती. 'आईची नक्कल करते मेली,' म्हणून त्या तेव्हा हसल्या होत्या. पान धरलेली बोटं तशीच राहिली. विहिणीनं हात पुढे केला. "हात लावू नका." वही मिटून त्यांनी काखेत धरली. "माझं अक्षर तुमच्या वकिलाला लागायचं नाही. परवा कोर्टात मीच वाचून दाखवेन. आणि तिथं माझ्या शेजारी बसायचं नाही, सांगून ठेवते."