न रडणारी पोरं

मॅग्डलीन चोखणी चुलीत टाकणार, तेवढ्यात सुनेने तिचं मनगट धरलं.

लाल रबराची चोखणी होती. सुनेच्या, म्हणजे रेजिनाच्या, भावाने मुंबईहून आणलेली. तो गोदीत कामाला. लढाई संपली आणि गोदीत नाही नाही त्या वस्तू उतरू लागल्या. तीन महिन्यांचा डॉमनिक घसा फोडून रडायचा. रेजिना पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजाराला जाई, ती दुपार कलताना परते. तोवर पोराच्या तोंडात काहीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं.

सासूचं म्हणणं लांबलचक होतं. रबराची गोडी लागली की पोर थान विसरतं. थान विसरलं की दूध आटतं. रबर चोखून अर्नाळ्यात अजून कुणी होडी हाकलेली नाही. एवढ्यानेही सून हटेना, तेव्हा तिने ठेवणीतलं काढलं.

"पाच पोरं काढली मी. एकबी रडलं नाय. तुला एक संभालत नाय, म्हनून रबर पायजे?"

पाच काढली हे खरं. त्यांतली पहिली दोन देवळामागच्या मातीत होती. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मॅग्डलीन त्या दोन वीतभर क्रुसांपाशी मेणबत्त्या लावायची. झोपेत देवाने नेली, म्हणायची, आणि पदर झटकून उठायची.

रेजिनाने चोखणी काढून घेतली आणि मनगट सोडलं. नवरा एडवर्ड समुद्रावर होता. घरी असता तरी आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटलेलीच. शिवाय दूध आटण्याची भीती तिच्या मनात बसली होती. तिने चोखणी पेटीत, लग्नाच्या लुगड्याखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून डॉमनिक रडेनासा झाला. आजीच्या मांडीवर गप्प पडून राही. शेजारणी येऊन बघून जात. रात्री थानाशी घेतला की चार घोट घेऊन पेंगे. पोट भरलं असेल, असं रेजिनाला वाटे. बाजारात ती मासळीबरोबर सासूचं कौतुकही वाटू लागली. आमच्या आयेच्या हाताला गुण आहे, सांगे.

एका शुक्रवारी पाटी लवकर खपली. दुधाने छातीचा दगड झाला होता. रेजिनाने घरात शिरल्या शिरल्या पोराला उचलून छातीशी धरलं. डॉमनिकने तोंड उघडलं नाही. तिने त्याच्या ओठांवर दूध पिळलं. ते गालावरून ओघळलं.

मग तिला सासूच्या हातातली पत्र्याची डबी दिसली. करंगळीच्या नखात काळा ठिपका होता.

"अफू हाय," मॅग्डलीन म्हणाली. लाजण्यासारखं तिला त्यात काहीच वाटलं नाही. "मोहरीएवढी. सगल्याच देतात. नायतर पाट्या कोन उचलील? एडवर्डला दिली, वाढला ना?"

रेजिना पोराचे तळवे चोळत राहिली. बऱ्याच वेळाने पोर बारीक कण्हलं. तिने मान वर केली नाही.

"आये, आनि पहिल्या दोघांना?"

मॅग्डलीन डबीचं झाकण लावत होती.

"ती तर सगल्यांत गुनी," ती म्हणाली. "कधी रडलीच नाय." आणि तिचा हात झाकणावरच थांबला.