खिडकीसमोरचं मेपल

तोकुजोंनी चाळीस वर्षांत एकही मेपल विकत आणलं नव्हतं. बी रुजवायचं आणि वाट बघायची, हाच त्यांचा नेम. आयतं झाड आणणाऱ्या शेजाऱ्यांना ते हसायचे. यंदा मार्चमध्ये मात्र त्यांनी टेम्पोतून छपराएवढं मेपल आणवलं आणि आजारी बायकोच्या खिडकीसमोर लावलं.

हात्सुए अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, एवढी कसली घाई? तुमची रोपं आहेत की कुंड्यांमध्ये."

"ती खिडकीपर्यंत यायला दहा वर्षं लागतील," मुळांशी माती दाबत ते म्हणाले. "हे येत्या नोव्हेंबरातच लाल होईल."

हात्सुएने उशीवरून मान वळवून झाडाकडे पाहिलं.

"डॉक्टर मला काहीच सांगत नव्हते," ती म्हणाली. "बरं झालं, तुम्ही सांगितलंत."